‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ : एका जुन्या जहाजाची शिकवण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



आपण बहुतेक सारे किनाऱ्यावरची माणसे. तांडेल, सारंग, खलाशी हे शब्द आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. म्हणून आज तुम्हाला एका दूरच्या जहाजावर घेऊन जातो.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मिस्टिक या गावी नदीकाठी एक सागरी संग्रहालय आहे. त्याच्या धक्क्याला ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे शिडाचे लाकडी जहाज उभे आहे. 1841 साली ते न्यू बेडफर्ड बंदरात बांधले गेले. ते ना राजाचे, ना आरमाराचे. देवमाशांची शिकार करून तेल आणणारे ते कष्टाचे जहाज. 80 वर्षांत त्याने 37 सफरी केल्या. एखादी सफर काही वर्षांचीही असे.

तुम्ही त्यावर चढलात, तर प्रथम नजरेस पडेल ती विटांची भट्टी. लाकडी जहाजावर आणि भट्टी! तिच्यावरच्या मोठ्या लोखंडी कढयांत चरबी वितळवत. त्या तेलावर शहरांतले दिवे जळत, यंत्रे फिरत. मग खाली उतरा. मागच्या बाजूला कप्तानाची नीटनेटकी खोली. नाळेकडे मात्र एकावर एक ठोकलेल्या अरुंद फळ्या. तेथे खलाशी झोपत. केप व्हर्दे, न्यूझीलंड, सेशेल्स, अशा कुठकुठच्या बेटांची माणसे तेथे दाटीने राहिली. त्यांना ठरलेला पगार नसे, वाटा असे. कप्तानाचा वाटा मोठा, नवख्याचा दीडशेवा किंवा त्याहूनही कमी. जहाजावर उसने घेतलेले कपडे, तंबाखू त्यातून वजा होई. अशा वेळी ज्याला हिशेब वाचता येत नसेल, त्याचे काय होत असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

मित्रहो, याच न्यू बेडफर्डमध्ये लुईस टेंपल नावाचा एक कृष्णवर्णी लोहार होता. त्याने 1848 साली भाल्याचे एक नवे टोक घडवले. देवमाशाच्या अंगात शिरताच ते आडवे फिरे आणि मग निसटत नसे. साऱ्या धंद्याने ते उचलले. पण टेंपलने त्याचे पेटंट घेतले नव्हते. इतर लोहारांनी तसेच भाले घडवून विकले. 1854 मध्ये तो वारला, तेव्हा कर्ज फेडण्यासाठी त्याची मालमत्ता विकावी लागली. हातात हुनर होता, पण हक्काचा कागद नव्हता!

आता या जहाजाच्या दुरुस्तीकडे पाहा. 1941 मध्ये ते मिस्टिकला आले, तेव्हा शंभर वर्षांचे झाले होते. शेवटची मोठी दुरुस्ती 2008 ते 2013 अशी पाच वर्षे चालली. जुन्या पद्धतीच्या फासळ्यांना वाकडे, चिवट ओक लाकूड लागते. 2005 च्या कॅटरिना वादळात उन्मळून पडलेल्या झाडांचे लाकूड आणले. बोस्टनच्या जुन्या आरमारी गोदीच्या जागेत पुरलेले ओंडके सापडले, तेही कामी आले. फळ्यांच्या फटींत कापूस आणि सण ठोकून बसवला. बहुतेक लाकूड बदलले, पण कणा 1841 सालचाच राहिला. हे काम संग्रहालयाच्याच गोदीत, लोकांच्या डोळ्यांदेखत झाले. थोरल्या सुतारांच्या हाताखाली तरुण हात तयार झाले. 2014 मध्ये हे जहाज पुन्हा समुद्रात गेले. ती 38 वी सफर. या वेळी देवमासे भेटले, पण भाला उचलला गेला नाही; माणसे नुसती पाहत राहिली.

हे कशामुळे साधले? नुसत्या पैशाने नव्हे. जहाजाच्या सफरींच्या रोजनिशा जपलेल्या होत्या, खलाशांच्या नावांच्या याद्या होत्या आणि हाताने काम करणारे कारागीर होते. यांतले एक जरी नसते, तरी त्या सुंदर लाकडाचे सरपण झाले असते.

आणि आपण? आपल्या खाड्यांतून मचवे, पडाव, गलबते गेली. त्यांची शिडे उतरली, सांगाडे चिखलात कुजले. ती आता परत येणार नाहीत. परंतु ती चालवणाऱ्यांची, बांधणाऱ्यांची मुले-नातवंडे अजून आपल्या मोहल्ल्यांत आहेत. कोणत्या भागाला कोणते लाकूड, कोणत्या वाऱ्याला काय नाव, वाटा कसा पाडत, हे त्यांच्या तोंडी आहे. कागदावर फार थोडे आहे. तो माणूस गेला की ते इल्मही गेले.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटीत एक वही घ्या. आजोबांजवळ बसा, शेजारच्या चाचांना विचारा. नाळ, परभाण, सुकाणू असा एकेक शब्द लिहून काढा. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. मुलींनी आजीला जरूर विचारावे. घरधनी महिनोन्‌महिने दर्यावर असताना संसार कोणी चालवला, हेही त्या इतिहासात आलेच पाहिजे. शिक्षकांनी त्या वह्या शाळेच्या कपाटात जपून ठेवाव्यात.

आपल्या वाडवडिलांना दर्या वाचता येत होता. अक्षर अनेकांना येत नव्हते. तुम्हाला अक्षर येते. तेवढे ऋण तुम्ही फेडाल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.