निकामी सॉफ्टनरपासून घरगुती लोह-गाळणी
(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पिण्याच्या पाण्याचा प्रश्न म्हटला की आपल्यासमोर प्रथम टंचाई उभी राहते. महाराष्ट्रात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. परंतु आसाम, त्रिपुरा, पश्चिम बंगाल, बिहार, ओडिशा या राज्यांच्या अनेक भागांत पाऊस विपुल, भूजल हाताशी, आणि तरीही हातपंपाचे स्वच्छ दिसणारे पाणी घागरीत थोडा वेळ ठेवले की तांबूस होते. तेथे प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा नसून गुणवत्तेचा आहे, आणि या गुणवत्तेच्या प्रश्नाचे एक प्रमुख कारण म्हणजे पाण्यात विरघळलेले लोह.

नोकरीनिमित्त काही वर्षे मी गुवाहाटीत राहत होतो. भाड्याच्या घरात कूपनलिकेचे पाणी होते. कपडे पिवळे पडत, भातालाही काळपट छटा येई. घरमालकांनी यावर उपाय म्हणून एका विक्रेत्याच्या सल्ल्याने सॉफ्टनर बसवला होता. दीड-दोन वर्षांत तो निकामी झाला. मिठाची पोती संपत होती, पाणी मात्र पिवळेच येत होते. आम्ही पाण्याची तपासणी करून घेतली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. पाण्याची कठीणता प्रतिलिटर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी होती. लोह मात्र ३ मिलिग्रॅमच्या आसपास होते. म्हणजे जो रोग नव्हता त्यावर औषध चालू होते.

दोन प्रश्न, दोन उपाय

येथे मानके लक्षात घ्यावीत. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार एकूण कठीणतेची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. लोहाची मर्यादा २०१२ मध्ये ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १ मिलिग्रॅम करण्यात आली. जुन्या पुस्तकांत अद्याप ०.३ हाच आकडा आढळतो, म्हणून हा फरक नोंदवून ठेवावा.

कठीणता कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येते. सॉफ्टनरमधील रेझिनचे बारीक मणी हे आयन स्वतःकडे घेऊन त्याबदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे द्रावण फिरवून ते पुन्हा कार्यक्षम केले जातात. विरघळलेले लोहही काही प्रमाणात या मण्यांवर अडकते. परंतु हवेशी संबंध येताच त्याचा गंज होतो, तो मण्यांवर पुटासारखा बसतो आणि मिठाने निघत नाही. आमच्या घरचा सॉफ्टनर याच कारणाने बंद पडला होता.

लोहाचा स्वभाव निराळा आहे. भूगर्भात प्राणवायूचा अभाव असल्याने ते फेरस रूपात विरघळलेले असते. पाणी वर येऊन हवेच्या संपर्कात आले की फेरसचे फेरिक होते व त्याचा न विरघळणारा तांबडा साका बनतो. एक मिलिग्रॅम लोहासाठी सुमारे ०.१४ मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो. सामान्य तापमानाला हवेशी नीट मिसळलेल्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. म्हणजे मोठी रसायने लागत नाहीत. लागते ती हवा, थोडा वेळ आणि चांगली गाळणी. मात्र पाणी आम्लधर्मी असेल तर ही क्रिया फार मंदावते. हवा दिल्याने पाण्यातील कर्बद्विप्राणिद वायू उडून जातो व सामू थोडा वाढतो, हा आणखी एक लाभ.

रूपांतराची रीत

सॉफ्टनरची टाकी, मधली उभी नळी, तळाची जाळी आणि वरची झडप हे भाग गाळणीलाही जसेच्या तसे लागतात. महाग भाग तेच असतात. म्हणून आम्ही रेझिन काढून टाकले. ते गटारात न सोडता पोत्यात भरून कोरड्या कचऱ्यात दिले, कारण हे मणी गटार तुंबवतात. टाकी धुऊन, उभी नळी बरोबर मध्यभागी बसवून तिचे तोंड कापडाने बांधले. तळाशी १० सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेली वाळू सुमारे ७५ सेंटिमीटर, आणि वर एक तृतीयांशाहून अधिक जागा मोकळी ठेवली. मँगनीज डायऑक्साइड लोहाच्या ऑक्सिडीकरणाला गती देतो. मिठाची टाकी झडपेपासून तोडून टाकली. कूपनलिकेचे पाणी आधी छिद्रे पाडलेल्या नळीतून एका उघड्या पण झाकणाखालच्या टाकीत तुषारांसारखे पाडायचे, तेथे तासभर स्थिर ठेवायचे, आणि मग लहान पंपाने गाळणीतून गच्चीवरच्या टाकीत चढवायचे, अशी रचना केली.

पहिले तीन आठवडे पाणी उत्तम आले. नंतर ते पुन्हा पिवळे होऊ लागले. चूक माझी होती. गाळणी साफ करण्यासाठी पाणी खालून वर उलटे सोडावे लागते. याला बॅकवॉश म्हणतात. रेझिन हलके असल्याने त्याला ताशी १० ते १५ मीटर एवढा वेग पुरतो. वाळू जड असते. तिला ताशी २५ ते ३० मीटर वेग हवा. आमची टाकी १० इंच व्यासाची, म्हणजे सुमारे ०.०५ चौरस मीटर छेदाची. त्या हिशेबाने मिनिटाला सुमारे २५ लिटर पाणी उलटे वाहायला हवे होते. प्रत्यक्षात सॉफ्टनरच्या निचऱ्याच्या तोंडाशी असलेली लहान चकती प्रवाह त्याच्या निम्म्याहूनही कमी करीत होती. वाळू उचललीच जात नव्हती. साका आत साचत होता. चकती बदलली, पंप थोडा मोठा घेतला, आणि अडचण दूर झाली. गाळतानाचा वेग मात्र ताशी १० मीटर, म्हणजे मिनिटाला ८ लिटरच्या आसपास ठेवला.

मर्यादा ओळखाव्यात

ही गाळणी जंतू मारीत नाही. पिण्याचे पाणी उकळणे किंवा त्याचे क्लोरिनीकरण करणे आवश्यकच राहते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. गंगा व ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत लोहाबरोबर अनेक ठिकाणी अर्सेनिकही आढळते. लोहाचा साका अर्सेनिकचा काही भाग आपल्याबरोबर ओढून घेतो, हे खरे. परंतु किती, हे पाण्यागणिक बदलते. पाणी निवळ दिसू लागले म्हणजे ते सुरक्षित झाले, असा समज करून घेणे येथे जिवावर बेतू शकते, कारण अर्सेनिकला रंग, वास व चव नसते. त्याची मर्यादा प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅम एवढी सूक्ष्म आहे. म्हणून रूपांतराआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासणी हवी. अर्सेनिक आढळल्यास स्रोतच बदलावा किंवा त्यासाठीची स्वतंत्र प्रक्रिया करावी. अशा ठिकाणचे बॅकवॉशचे पाणी परसातील भाज्यांना देऊ नये.

व्यापक संदर्भ

घरगुती पातळीवरील असे उपाय आपल्याकडे नवे नाहीत. आसामात वाळू व कोळशाची गाळणी घरोघरी वापरली जात आली आहे. भुवनेश्वरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने लाल माती, वाळू व लाकडाचा भुसा यांपासून ‘टेराफिल’ ही भाजलेल्या मातीची गाळणी विकसित केली. नागपूरच्या ‘नीरी’ने हातपंपाला जोडण्याजोगे लोहनिवारण संयंत्र तयार केले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाणी विहित गुणवत्तेचे असावे, असे उद्दिष्ट आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याची घोषणा झाली. प्रत्येक गावात पाच महिलांना चाचणी संचाद्वारे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. माझ्या मते नळाइतकेच महत्त्व या तरतुदीला आहे. आमच्या घरमालकांनी सॉफ्टनर घेण्याआधी असा एक संच वापरला असता, तर त्यांचे पैसे वाचले असते.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काहीजण जिल्हा परिषदेत वा एखाद्या विभागात निर्णय घेण्याच्या जागी बसतील. तेव्हा यंत्रखरेदीची फाईल समोर आली, तर तिच्यावर सही करण्यापूर्वी पाण्याच्या तपासणीचा अहवाल जोडला आहे का, एवढे अवश्य पाहावे.