बादलीतला कॅमेरा आणि बॅगेतला कॅमेरा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झालेल्या सभासदांच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मागच्या एजीएममध्ये विषय निघाला होता की पंचवीस वर्षं झाली, आता सोसायटीचा स्वतःचा एक चांगला कॅमेरा असावा. लगेच दोन गट पडले. एक गट म्हणाला, घ्यायचा तर प्रोफेशनल मिररलेसच घ्या. दुसरा गट, म्हणजे आपली ट्रेकवाली मुलं, म्हणाली की पाण्यात टाकला तरी चालेल असा छोटा वॉटरप्रूफ घ्या. खजिनदारांनी विचारलं, पैसे कुठून? तर कोणीतरी मागून ओरडलं, सिंकिंग फंडातून! वॉटरप्रूफ कॅमेऱ्यासाठी सिंकिंग फंड हा तर्क मला पटला, पण ऑडिटरला पटणार नाही. मग समितीनं सांगितलं, तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे आहेत, तर तुम्हीच बोला.

ही दोन्ही यंत्रं मी टेबलावर ठेवली आहेत. खरं म्हणजे एकच टेबलावर आहे. दुसरं त्या निळ्या बादलीत, पाण्याखाली आहे. काळजी करू नका, त्याला काही होणार नाही.

आधी मिररलेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असायचा. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावरून वर डोळ्याकडे जायचा आणि बटण दाबलं की आरसा खट्‌कन वर उचलला जायचा. तो आवाज लग्नात आपण सगळ्यांनी ऐकला आहे. २००८ मध्ये पॅनासॉनिक आणि ऑलिंपस या कंपन्यांनी आरसाच काढून टाकलेली पद्धत आणली. सोनीनं २०१३ मध्ये मोठ्या सेन्सरचा मिररलेस आणला आणि २०१८ मध्ये निकॉन आणि कॅननही त्या वाटेनं गेले. आता व्यावसायिक फोटोग्राफरकडे जास्त करून हेच दिसतात. आरसा नसल्यामुळे आवाज न करता फोटो काढता येतो. कीर्तनात किंवा कोणाच्या प्रार्थनासभेत याचं मोल कळतं.

बादलीतल्या कॅमेऱ्याचा वंश वेगळा. ऑलिंपसची टफ नावाची मालिका आहे. २०२१ पासून ऑलिंपसचा कॅमेरा विभाग वेगळ्या कंपनीकडे गेला आणि २०२३ मध्ये आलेला टीजी-७ ओएम सिस्टिम या नावानं निघाला. कंपनी सांगते की तो १५ मीटर पाण्याखाली चालतो, २.१ मीटरवरून पडला तर टिकतो, १०० किलोचा भार सोसतो आणि उणे १० अंशांतही काम करतो. वजन पाव किलोच्या आसपास. टेबलावरचा सोनीचा ए-७ फोर आणि त्यावरची २४-७० ची लेन्स मिळून जवळजवळ १,३५० ग्रॅम भरतात. राजमाचीच्या वाटेवर दुपारी दोन वाजता हा फरक मानेला कळतो.

मग मोठा कॅमेरा घ्यायचाच कशाला? याचं उत्तर आत दडलेल्या सेन्सरमध्ये आहे. समजा पाऊस पडतोय आणि तुम्ही गच्चीत एक वाटी आणि एक परात ठेवलीत. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी किती जमा होतं? उजेडाचं अगदी तसंच आहे. टफच्या सेन्सरचं क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर आहे. ए-७ चा सेन्सर ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. तीस पट! भर उन्हात दोघांनाही भरपूर मिळतं, म्हणून दुपारच्या फोटोत फरक फारसा दिसत नाही. पण याच क्लबहाऊसमध्ये संध्याकाळी मुलांचं नृत्य असलं की वाटी रिकामी राहते. छोटा कॅमेरा मग अंधारातून चित्र ओढून काढतो. चेहऱ्यावर रवाळ दाणे दिसतात, नाचणारा हात पुसट होतो. आणि मागचं सगळं, म्हणजे पडदा, खुर्च्या, पंखा, तितकंच स्पष्ट येतं. मोठ्या सेन्सरवर मागचं धूसर करून एकाच मुलीच्या डोळ्यांवर नजर ठेवता येते. तो कॅमेरा डोळा ओळखतो आणि ती गिरकी घेतली तरी सोडत नाही. हे काम टफकडून होणार नाही, ते मान्य करायचं आणि पुढे जायचं.

जाता जाता, मोठा कॅमेरा असणाऱ्यांना एक सूचना. आपल्या हॉलमधले एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण ते भराभर लुकलुकत असतात. बिनआवाजी इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर फोटोवर आडवे काळे पट्टे येऊ शकतात. कार्यक्रमाआधी एक फोटो काढून तपासून घ्या.

आता बादलीकडे येतो. तुमच्यापैकी कितीतरी जण चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत आहेत. मशीनवरच्या सेन्सरवर आयपी ६७, आयपी ६८ असे आकडे लिहिलेले असतात, ते तुम्ही रोज बघता. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. या कॅमेऱ्यातही तेच तत्त्व आहे. बॅटरी आणि कार्डच्या झाकणाच्या कडेनं रबरी सील आहे आणि झाकणाला दुहेरी लॉक आहे. गॅसकेट बसवताना तुम्ही जी काळजी घेता तीच इथे घ्यायची. सीलवर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला की पाणी आत आलंच. रबर म्हातारं होतं, ते ठरावीक काळानं बदलून घ्यावं लागतं. जोरात आपटल्यावर तो चालू राहील, पण पाण्याला अडवेलच याची हमी नाही. तारकर्लीला समुद्रात नेला तर परत आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढायचं आणि कोरडा झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

मोठ्या कॅमेऱ्यावरही वेदर सीलिंग लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ शिंतोडे सोसेल एवढाच. आमच्या मावळातला पाऊस म्हणजे शिंतोडे नव्हेत. तो आडवा येतो. शिवाय लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो, त्यामुळे लोहगडावर धुक्यात लेन्स बदलणं म्हणजे जखमेवरची पट्टी रस्त्यावर सोडण्यासारखं आहे. एसी गाडीतून एकदम बाहेर काढला तरी काचेवर दव धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्या, मग काढा. आणि पावसाळ्यात तो कपाटात कपड्यांच्या मागे ठेवू नका. अंधार आणि दमट हवा मिळाली की लेन्सच्या आत बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. हे शंभर-दोनशे रुपयांचं काम लाखाची लेन्स वाचवतं.

पण पाऊस आहे म्हणून छोटाच घ्या, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ज्येष्ठ वद्यात तुकोबारायांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते. रिमझिम पाऊस, ढगातून आलेला मऊ उजेड, डोक्यावर तुळस घेतलेली आजी, कपाळावरच्या गंधावरून ओघळणारा थेंब. हा फोटो मोठ्या कॅमेऱ्यानंच काढावा. त्याला प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा, लेन्सचं तोंड मोकळं ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी छत्री धरायला घेऊन जा. छत्री धरणारा माणूस हा मिररलेस कॅमेऱ्याचा सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग आहे, असं आमच्या घरी म्हणतात.

आता एक गोष्ट मला थोडी गंभीरपणे सांगायची आहे, कारण मागच्या रांगेतली मुलं पावसाळ्यात दर रविवारी बाहेर पडतात. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीनं कोसळला आणि चार जण गेले. दोन्ही जागा आपल्यापासून तासा-दीड तासाच्या आतल्या आहेत. कॅमेऱ्यावर १५ मीटर लिहिलेलं असतं, ते कॅमेऱ्याबद्दल असतं. हातात वॉटरप्रूफ यंत्र असलं की पाय आणखी एक दगड पुढे पडतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे. वरच्या डोंगरात सर आली की खालचा ओढा पाच मिनिटांत चढतो. म्हणून आई-वडिलांनो, मुलाला असा कॅमेरा देणार असाल तर तो कुठे उभा राहून वापरायचा हेही ठरवून द्या. पवनेला पाणी सोडल्यावर पुलावरून किंवा घाटाच्या कडेवरून व्हिडिओ काढणाऱ्या मोठ्यांनाही हेच लागू आहे.

सोसायटीच्या खरेदीबद्दल माझं मत असं आहे. मोठा कॅमेरा विकत घेऊ नये. ए-७ फोर बाजारात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत अमेरिकेत अडीच हजार डॉलर होती. टीजी-७ ची साडेपाचशे. मोठ्यावर लेन्स वेगळी, बॅटऱ्या वेगळ्या, आणि तो कोणाच्या ताब्यात राहणार यावरून पुढची तीन वर्षं भांडणं होतील ती वेगळी. वर्षातून गणपती, प्रजासत्ताक दिन आणि स्नेहसंमेलन, एवढे तीन कार्यक्रम. तेवढ्यासाठी कॅमेरा भाड्यानं मिळतो, नाहीतर चांगला फोटोग्राफर बोलवावा आणि त्याला नीट पैसे द्यावेत.

छोटा मात्र सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये असावा असं मला वाटतं, आणि तो फोटो छान येतात म्हणून नव्हे. जमिनीखालची टाकी साफ करण्याआधी आणि केल्यावर आत हात घालून फोटो काढता येतो. मोबाईल हातातून सुटला तर काय होतं ते सी विंगच्या मंडळींना विचारा. गच्चीच्या प्लॅस्टरला चीर गेली की हा कॅमेरा तिच्यापासून एक सेंटिमीटरवर नेऊन टिपता येतो. शेजारी स्टीलची पट्टी धरा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच फोटो घ्या. चीर वाढली की नाही ते भांडण न करता कळतं. स्ट्रक्चरल ऑडिटवाल्याला असे फोटो दिले तर तो खूश होतो. जागेची नोंदही जीपीएसनं फोटोतच होते.

आणि पार्किंगमध्ये पाणी आलं तर? २५ जुलै २०२४ ला पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी पंचनाम्याला आणि विम्याला फोटो लागतात. गाडीचा नंबर, भिंतीवर पाणी कुठपर्यंत आहे ती रेघ, आणि फोटोवर बरोबर तारीख-वेळ. आधी वीज बंद केल्याची खात्री करा, मगच खाली उतरा. कॅमेऱ्याचं घड्याळ आजच लावून ठेवा, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते बॅटरी काढून ठेवल्यावर मागे जातं.

घरगुती वापराचं विचाराल तर, ज्याच्याकडे बरा फोन आहे आणि जो पाण्यात जात नाही, त्यानं दोन्हींपैकी काहीच घेऊ नये. ज्या मुलाला लग्नाची फोटोग्राफी व्यवसाय म्हणून करायची आहे, त्याला मोठाच लागेल, पण आधी तीन-चार कार्यक्रम भाड्याच्या कॅमेऱ्यावर करू द्या. कर्ज त्यानंतर. मुलगी हिमालयात ट्रेकला निघाली असेल तर माझ्याकडचा टफ मागून न्या, मला आनंदच होईल. फक्त मेमरी कार्ड तुमचं आणा.

माझं बोलणं संपलं. आता चहा आहे, तोपर्यंत कॅमेरे बघायचे असतील त्यांनी पुढे यावं. लहान मुलांनी बादलीत हात घालायला हरकत नाही. टेबलावरचा मात्र बादलीपासून लांबच ठेवा.