सेप्सिस : पहिल्या तासांचे मोल



शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेले जयगड हे दर्यावर्दींचे गाव. जाळे आवरताना शिंगाळ्याचा काटा हातात रुतावा, लावणीच्या चिखलात पाय कापावा, आणि हळद लावून पुन्हा कामाला लागावे, हा येथील नित्याचा क्रम. बहुतेक जखमा भरून येतात. क्वचित एखादी मात्र दोन-तीन दिवसांत जिवावर बेतते. या अवस्थेस वैद्यकशास्त्र 'सेप्सिस' म्हणते.

जंतुसंसर्गाशी झुंजताना शरीराचा प्रतिकारच बेताल होतो आणि मूत्रपिंड, फुफ्फुसे, मेंदू ही इंद्रिये निकामी होऊ लागतात. जखमेप्रमाणेच न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, लेप्टोस्पायरोसिस अथवा बाळंतपणानंतरचा जंतुदोष यांतूनही हे संकट उद्भवते. हुडहुडी भरून ताप येणे किंवा उलट अंग गार पडणे, श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून अधिक होणे, नाडी जलद चालणे, असंबद्ध बोलणे वा गुंगी येणे, लघवी कमी होणे, ही त्याची लक्षणे होत. वृद्धांत ताप नसतानाही सेप्सिस असू शकतो. संसर्ग झालेल्या व्यक्तीत अशी लक्षणे दिसताच उजाडण्याची वाट पाहू नये.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. तपासणीसाठी रक्त घेऊन शिरेवाटे प्रतिजैविक द्यावयाचे. रक्तदाब खालावला असेल तर ते पहिल्या तासातच. त्याबरोबर सलाईन, गरजेनुसार प्राणवायू व रक्तदाब वाढविणारी औषधे, आणि पू साचला असल्यास त्याचा निचरा. घरातील उरलेल्या गोळ्या देण्यात मोलाचा वेळ मात्र दवडला जातो.

ही लक्षणे खेड्यातही ओळखता येतात, हे गडचिरोलीने सिद्ध केले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्थानिक स्त्रियांना नवजात अर्भकांचा सेप्सिस ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यास शिकविले. अशा अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. हा प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

प्रौढ रुग्णास मात्र रुग्णालयच गाठावे लागते आणि जयगडपासून जिल्हा रुग्णालय हाकेच्या अंतरावर नाही. म्हणून रात्री-अपरात्री वाहन कोण देईल, हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवून ठेवावे. १०८ हा क्रमांक व ही लक्षणे शिक्षकांनी मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावीत. औषध रुग्णालयात आहे. वेळ मात्र गावाच्या हाती आहे.