संघटना कशासाठी? ड्यूई, बाबासाहेब आणि आपला स्टँडअप

आज थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, फार जड नाहीये.

विषय आहे प्रॅग्मॅटिझम, मराठीत फलप्रामाण्यवाद. हा विचार अमेरिकेतला. एखादी कल्पना बरोबर की चूक, हे ती वापरून काय होतं त्यावरून तपासायचं. यातलं एक मोठं नाव जॉन ड्यूई. ते कोलंबिया विद्यापीठात शिकवायचे आणि १९१३ ते १९१६ या काळात तिथे बाबासाहेब शिकत होते.

१९३६ सालचं लाहोरचं भाषण आठवा, जे आयोजकांनी होऊच दिलं नाही आणि बाबासाहेबांनी स्वतः छापलं. त्यात ते नियम आणि तत्त्व वेगळे करतात. नियम म्हणजे ठरलेली कृती, सवयीने करायची. तत्त्व म्हणजे प्रसंग पाहून निर्णय घ्यायची रीत. ही मांडणी ड्यूई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ च्या 'एथिक्स'मधली.

आता आयटीतलं बघा. रोज सकाळी स्टँडअप असतो. कोणाचं काय अडलं ते कळावं, हे तत्त्व. पंधरा मिनिटं उभं राहायचं, हा नियम. वर्षभराने काय उरतं? अडलेलं कोणीच सांगत नाही, उभे मात्र सगळे राहतात!

बाबासाहेबांनी संघटना अशा सवयीवर सोडल्या नाहीत. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, भर शिक्षणावर. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, कारण आता निवडणुका होत्या आणि खोती, गिरणी असे प्रश्न होते. १९४२ मध्ये क्रिप्स आले, त्यांच्या योजनेत दलितांच्या हाती काहीच पडलं नाही. त्याच वर्षी नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. शेवटी तेही विसर्जित करून रिपब्लिकन पक्ष काढायचं ठरवलं. काही लोक याला धरसोड म्हणतात. मला ते पटत नाही. प्रश्न बदलला की अवजार बदलायचं, एवढंच ते आहे.

पण एक मोठी अडचण आहे. 'काम होतंय ना, मग बरोबर' असं म्हटलं, तर कोणाचं काम? १९२७ मध्ये आपल्या शेजारी अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचं आंदोलन झालं. आतल्यांच्या दृष्टीने देवस्थान व्यवस्थितच चाललं होतं की! तक्रार बाहेर उभ्या असलेल्यांची होती. योगायोग असा, त्याच वर्षी ड्यूईंचं 'द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स' आलं. त्यात ते म्हणतात, निर्णयात नसूनही ज्यांना त्याचे परिणाम भोगावे लागतात, त्यांच्यापासून 'पब्लिक' बनतं.

म्हणून मी हल्ली एक गोष्ट बघतो. रिलीज झाल्यावर रेट्रो होते, सगळे 'छान झालं' म्हणतात. रात्री दोन वाजता ग्राहकांचे फोन उचलणारी सपोर्टची पोरं मात्र त्या कॉलवर नसतात. त्यांना इन्व्हाइटच गेलेलं नसतं.