म्हातारीच्या ताटांत काय पडलें?

(वाळवें तालुक्यांत एका ग्रामशिक्षकानें केलेलें भाषण)



सन २०२० च्या मार्चअखेर कोरोनामुळें आपलें इस्लामपूर बंद पडलें, तें साऱ्या महाराष्ट्रानें ऐकलें. बंद दारांआड म्हातारीं माणसें काय खात होतीं, हें कोणीं ऐकलें? सप्टेंबरांत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हां मी घरोघर फिरलों. ताप मोजला, प्राणवायु मोजला. जेवणाचा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. तो मीं आपणहून विचारला.

ज्याच्या कणगींत जोंधळा व दावणीला म्हैस, त्या घरचा म्हातारा दुधांत भाकरी कुस्करून खात होता. न्हाव्याचें दुकान मात्र २८ जूनपर्यंत बंद. बुरुडाच्या पाट्या खपायला आठवड्याचा बाजार नाहीं. सरकारनें एप्रिलपासून रेशनकार्डावर माणशीं महिना ५ किलो धान्य फुकट दिलें, त्यानें जीव वांचले हें मी नाकारीत नाहीं. पण तें तांदूळ-गहूं! जोंधळ्यावर पोसलेल्या बोळक्या तोंडाला चपाती तुटेना. पेजेवर दिवस काढले. डाळ घरटीं किलोभर. शिवभोजन थाळी ५ रुपयांना झाली खरी, पण ती तालुक्याला, म्हातारी वाडीवर, आणि एस. टी. बंद.

हा झाला घराघरांतला भेद. दुसरा एकाच चुलीपाशीं आहे. मुंबईहून मुलगे-नातू परतले, खाणारीं तोंडें वाढलीं. म्हातारा पहिल्या पंगतीला. अंडें त्याला, सायीचें दूध त्याला. म्हातारी सुनेबरोबर शेवटीं, उरलेली भाकरी ताकमिठाशीं. विचारावें तर म्हणे, "गुरुजी, मला भूकच न्हाई." सोमवार आहे, एकादशी आहे, रोग जावा म्हणून आणखी एक वार धरलेला. हा देवाचा उपास, कीं घरांतली तूट बाईच्या पोटांतून भरून काढणें?

मी शहाणा म्हणून बोलत नाहीं. दुसऱ्यांच्या घरीं चौकशी करीत होतों, आणि माझीच आई तीन महिने रात्रीं चहांत बटर बुडवून निजत होती, हें मला बायकोनें सांगितलें. पगार चालू होता, धान्य होतें. पण आधीं पोरें, मग पुरुष, ही तिची जन्माची सवय.

तेव्हांपासून तिचें ताट पहिल्या पंगतीला वाढतों. पहिले आठ दिवस ती ताट उचलून चुलीपाशीं जाऊन बसे. नंतर सून रागावली, तेव्हां कुठें पंगतींत जेवूं लागली. आणि दुसरी भाकरी मागूं लागली.