गणिताची गोडी: स्वागताध्यक्षीय भाषण

गणितातल्या संशोधनाला मानसन्मान बरेच आहेत. गणिताची गोडी लोकांना लावणाऱ्यासाठीचा लीलावती पुरस्कार मात्र अलीकडचा, आणि तो पहिल्यांदा दिला गेला हैदराबादेत. ऑगस्ट २०१० मध्ये या शहरात आंतरराष्ट्रीय गणितज्ञ परिषद भरली. फील्ड्स पदके राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते दिली गेली आणि पहिला लीलावती पुरस्कार लेखक सायमन सिंग यांना मिळाला. त्याच शहरात जमलेल्या मराठी गणित शिक्षकांचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते.

‘लीलावती’ हे नाव मराठी मुलखाच्या फार जवळचे आहे. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, अशी नोंद प्रतिभाताईंच्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. ग्रंथातल्या एका उदाहरणात ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे आणि साप २७ हातांवरून बिळाकडे निघाला आहे. मोर तिरपा झेपावतो. दोघेही सारखेच अंतर कापतात. गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर १२ हात. पण ते काढण्याआधी मूल चित्र काढते, आणि काटकोन त्रिकोण त्याचा त्यालाच दिसतो. सूत्र आधी फळ्यावर आले, तर ही गंमत त्याच्या हातून जाते.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) असाच एक खेळ मागे ठेवला. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, उत्तराचे पुन्हा तेच करावे. हैदराबादच्या परिषदेचे सालच घेतले तर २१०० − ००१२ = २०८८, ८८२० − ०२८८ = ८५३२, ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. कुठल्याही संख्येला सातापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. वजाबाकीला कंटाळणारे मूल इथे पानभर वजाबाक्या आपणहून करते. हातचा चुकला तर ६१७४ लांबते आणि चूक शोधायला ते स्वतःच मागे वळते. मग तीन अंकांचे काय, असे ते विचारते. तिथे ४९५ येते, हे शिक्षकाने सांगून टाकू नये. दोन अंकांत तर एका ठिकाणी थांबणेच नाही: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१.