बाळाची पहिली टोचणी



सोनारानेच कान टोचावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझ्या लहानपणी आमच्या कुंडल गावी सोनार घरी येत असे. आजी बाळाला मांडीवर धरी, त्याच्या तोंडी मधाचे बोट लावी, आणि तार कानातून जाताच मूल आईच्या पदराखाली जाई. या रीतीत शहाणपण किती आणि धोका किती, हे मला साठी उलटल्यावर उमगले. तेच आज निवेदन करावयाचे आहे.

हल्ली मूल बहुधा रुग्णालयात जन्मते आणि सुईची ओळख त्याला पहिल्याच दिवशी होते. ‘के’ जीवनसत्त्वाची सुई, २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस, क्षयावरील बी.सी.जी.; कावीळ वाटल्यास टाच टोचून रक्त; पुढे ६, १० व १४ आठवड्यांनी पुन्हा लसी. यातील प्रत्येक टोचणी बाळाच्या हिताचीच आहे, आणि एकही चुकवू नये. प्रश्न एवढाच, की ती सोसताना बाळाला एकटे का ठेवावे?

माझ्या थोरल्या मुलीच्या टाचेतून रक्त घ्यावयाचे होते, तेव्हा तिला आईपासून दूर, दाराआड नेले. मंडळी म्हणाली, “मला तिच्याजवळ राहू द्या.” मी मास्तरकीच्या थाटात उत्तरलो, “तान्ह्या जिवाला काय कळते? घटकेत विसरेल!” मुलगी विसरली असेल, दाराआडचा तो टाहो मी मात्र विसरलो नाही.

माझ्यासारख्या अल्पशिक्षिताचाच हा समज होता असे नव्हे. सुमारे १९८५ पर्यंत पाश्चात्त्य देशांतही पुष्कळ अर्भकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे या समजुतीचीच परीक्षा घेतली. अर्भकांच्या रक्तातील क्लेशसूचक द्रव्ये त्यांनी मोजली. योग्य वेदनाशामक मिळालेल्या अर्भकांत ती कमी आढळली व त्यांची प्रकृतीही अधिक चांगली राहिली. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले. तान्ह्याला वेदना होतात, हे तेव्हापासून वैद्यकाने मान्य केले.

शस्त्रक्रियेस औषध हवेच. परंतु क्षणभराच्या टोचणीला औषधाची गरज सहसा पडत नाही. तेथे आई पुरते. बोस्टन येथे २००० साली ३० नवजात बालकांवर एक प्रयोग झाला. टाच टोचताना जी बाळे आईच्या उघड्या छातीशी होती, त्यांचे रडणे पाळण्यातील बाळांच्या मानाने ८२ टक्क्यांनी कमी भरले. स्तनपानाचा गुणही असाच सिद्ध झाला आहे. आईची ऊब, तिचा गंध, चोखण्याची क्रिया आणि दुधाची गोडी, या साऱ्यांनी मिळून वेदना बोथट होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली लस टोचताना बाळास जवळ धरावे व अंगावर पाजावे, अशी शिफारस केली.

कृती सोपी आहे. सुईपूर्वी काही मिनिटे बाळाला पाजावयास घ्यावे, टोचताना थांबू नये, नंतरही पाजत राहावे. दूध ठसक्यात जाईल अशी धास्ती पुष्कळांना वाटते. तपासण्यांत तसे आढळलेले नाही. पाजणे शक्य नसेल, तर केवळ लंगोटावर बाळाला छातीशी घ्यावे व वरून पांघरूण घालावे. आई शस्त्रक्रियेने बाळंत होऊन पडून असेल, तर हे काम बापानेही करावे. त्यात कमीपणा नाही. रुग्णालयात कधी साखरेच्या पाण्याचे मोजके थेंब देतात. ते डॉक्टरांच्या हातूनच द्यावे, घरी प्रयोग करू नये.

आणि आजीचे मधाचे बोट? तेवढे मात्र सोडावे. वर्षाच्या आतील बाळाला मधातून घातक विषबाधा होऊ शकते. आजीची मांडी खरी, मध खोटा.

गेल्या वर्षी माझ्या नातवाला लस टोचावयाची होती. त्याच मुलीने परिचारिकेस नम्रपणे विचारले, “बाई, पाजता पाजता टोचाल का?” बाई हसून म्हणाल्या, “घ्या की!” बाळ एकदा कळवळले, आणि पुन्हा दुधाला लागले. मी दाराशी उभा होतो. या वेळी दार उघडे होते.

आपल्या घरी असा प्रसंग येईल तेव्हा एवढी एक विनंती करावयास संकोचू नये.